सहा अंशांचं वळण

दोनशे बारा नंबरचा कागद तिने पुन्हा उचलला आणि गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. शेजारच्या खुर्चीतल्या रस्ते-इंजिनिअरने ते पाहिलं आणि कागदपत्रांत काहीतरी कमी असेल असं समजून सोडून दिलं. पलीकडच्या निवृत्त न्यायाधीशांनी पाहिलंच नाही. जेवणानंतर त्यांचे डोळे जे मिटले होते, ते अजून पुरते उघडले नव्हते.

समोर, शेवटच्या बाकावर, सर बसले होते. सोबत वकील नाही, मांडीवर फाईल नाही. हातात एक काठी आणि शर्टाच्या खिशातून डोकावणारी जुनी, पिवळी पडलेली स्केल. सकाळी साडेदहाला ते दारात आले तेव्हा शिपाई उठून उभा राहिला होता, इंजिनिअर तर स्वतःची खुर्ची उचलून धावला होता. शहरातला प्रत्येक आर्किटेक्ट त्यांना सर म्हणायचा, त्यांच्याकडे एक दिवस न शिकलेलासुद्धा. तिने मात्र मान वर न करता सांगितलं होतं, सगळ्यांना बाक आहे, त्यांनाही बाक. तेव्हापासून ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस त्या बाकावर होता. दुपारी शिपायाने पाणी नेऊन दिलं, तेवढं तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

शहराच्या पुढच्या वीस वर्षांचा आराखडा तिच्या खात्याने तयार केला होता. घरं कुठे, दुकानं कुठे, शाळा कुठे, रस्ता कुठून, हे सगळं रंगवून लोकांपुढे ठेवलं होतं, आणि ज्याची हरकत असेल त्याने आता समितीसमोर येऊन ती सांगायची होती. चारशेच्या वर हरकती आल्या होत्या. समितीची अध्यक्ष तीच, त्यामुळे कुणाला कधी बोलवायचं हे तिच्या हातात होतं. आज सकाळपासून एका गृहस्थांनी बाग मागितली होती, पण मेव्हण्याच्या जागेत. दोन सख्ख्या भावांना गल्ली रुंद हवी होती, फक्त ती प्रत्येकाला दुसऱ्याच्या बाजूने रुंद व्हायला हवी होती. एक बाई नुसतीच येऊन सांगून गेल्या की त्यांची काही हरकत नाही, पण एवढे लोक येणार म्हटल्यावर आपणही यावं असं त्यांना वाटलं. या सगळ्यांचं तिने शांतपणे ऐकून घेतलं. घाई नव्हती. उलट आज वेळ जितका लांबेल तितकी ती खूश होती.

सरांचं घर नव्या रस्त्याखाली जात होतं. अर्धंमुर्धं नाही, सगळंच्या सगळं. त्यांनी स्वतः आखलेलं, स्वतः राहायला बांधलेलं, मासिकांतून छापून आलेलं घर. त्यांच्या अर्जात एकच ओळ होती: माझं म्हणणं समक्ष मांडीन. ती ओळ वाचून तिने चष्मा पुसला होता आणि पुन्हा वाचली होती. समक्ष येऊन हा माणूस गयावया करणार होता, आणि ती ते ऐकणार होती. त्यासाठी ती थांबली होती. किती, तर एकतीस वर्षं.

पस्तीस वर्षांपूर्वी ती सरांच्या ऑफिसात नोकरीला होती. काटकुळी, अबोल, सतत पेन्सिलला टोक काढत बसणारी. म्हणून सर तिला टोक म्हणायचे, आणि बघता बघता सगळं ऑफिस तेच म्हणायला लागलं. ते नाव तेव्हा आपल्याला आवडायचं, हे आठवलं की आताही तिला स्वतःचा राग यायचा. त्या वर्षी टेकडीच्या उतारावर कामगारांसाठी चौसष्ट घरं बांधायचं काम ऑफिसात आलं. बाकीचे सगळे उतार कापून सपाट करायला निघाले होते. तिने उतार तसाच ठेवला आणि घरं पायऱ्यांसारखी खाली उतरवली, खालच्याचं छप्पर ते वरच्याचं अंगण. नकाशा सरांपुढे ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "हं." त्या एका 'हं'वर ती महिनाभर तरंगत होती. पुढे त्या वसाहतीला मोठं बक्षीस मिळालं. व्यासपीठावर सर गेले, फोटोत सर आले, आणि भाषणात 'माझे तरुण सहकारी' एवढ्या शब्दांत तिला बसवून टाकण्यात आलं.

तेही तिने गिळलं. गिळता आलं नाही ते पुढचं.

त्या अंगणांच्या कडेला लोखंडी कठडे होते. ते स्लॅबमध्ये नऊ इंच खोल रोवायचे, असं तिच्या नकाशात होतं. काम रेंगाळलं होतं, ठेकेदार रडत होता, तेव्हा सरांनी उभ्या उभ्या सांगितलं, चार इंच पुरे. ती म्हणाली, नाही पुरणार. सर हसले आणि म्हणाले, सगळीकडे टोचायची सवय सोड. मग तिने नऊ खोडून चार केलं आणि नकाशाच्या कोपऱ्यात, सुधारणांच्या चौकटीत, आपली सही केली. सर मूळ नकाशावर सही करत, सुधारणांवर कधीच नाही. ती त्यांची पद्धतच होती आणि ऑफिसात कुणाला तीत वावगं वाटत नसे. सुधारणा म्हणजे किरकोळ काम, ते हाताखालच्यांनी करायचं.

तिसऱ्या वर्षी एक कठडा उखडला. कपडे वाळत घालणारी एक तरुण बाई खाली पडली. जगली, पण पुन्हा सरळ चालली नाही. त्यावर एकतीस वर्षांपूर्वी ती चौकशी बसली. सरांनी मूळ नकाशा पुढे केला. त्यावर नऊ इंच आणि त्यांची सही. मग सुधारलेला नकाशा पुढे केला. त्यावर चार इंच आणि तिची सही. "कागदावर सही कोणाची आहे ते बघा," एवढंच ते म्हणाले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खापर तिच्या डोक्यावर फुटलं आणि सर नामानिराळे राहिले. आपण चार इंचांवर सही करायला नको होती, हे तिलाही कळत होतं. त्या पडलेल्या बाईचं तोंड डोळ्यांपुढे आलं की तिला अन्न जात नसे. पण तो दोष दोघांचा होता, आणि वाटून घ्यायला ती एकटीच उरली होती.

तीन वर्षांसाठी तिची आर्किटेक्टची नोंदणी गेली. वडील सुतारकाम करायचे. तिच्या नावाची पाटी त्यांनी स्वतः कोरून दारावर लावली होती. ती त्यांनी स्वतःच उतरवली, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली, आणि नोंदणी परत मिळायच्या आधीच ते गेले. खाजगी ऑफिसांची दारं बंद झाली तेव्हा तिने नगररचनेची परीक्षा दिली आणि सरकारी खात्यात शिरली. तिथे ती चढत गेली, नावाजली गेली, शहराची मुख्य नियोजक झाली. पण उभ्या जन्मात तिने पुन्हा एकही घर बांधलं नाही. भिंतीत खिडकी कुठे ठेवावी याचा विचार करत जिला झोप लागायची नाही, तिने अठ्ठावीस वर्षं रस्त्यांच्या रेषा ओढल्या.

ती ताईकडे राहायची. ताईला हे सगळं तोंडपाठ होतं, आणि ताई कुणाची भीड ठेवणाऱ्यांतली नव्हती. आज सकाळी डबा हातात देताना तिने विचारलं होतं, आज म्हाताऱ्याचा नंबर ना? मग म्हणाली, "अगं, नागाने डूख धरला तर मी समजू शकते. तू सरकारी नोकर. अठ्ठावन्नाव्या वर्षी सगळंच सोडावं लागतं, तर हेही सोडून दे." ती हसली नाही. ताईनेही मग डब्याचं झाकण घट्ट करून विषय संपवला.

संधी चालून आली होती ती दीड वर्षापूर्वी. स्टेशनापासून मोठ्या इस्पितळापर्यंत नवा रस्ता हवा होता. सरळ रेष काढली, तर ती बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याच्या मोकळ्या जमिनीतून जात होती आणि कुणाची वीटही हलत नव्हती. एका दुपारी तिने केबिनचं दार लावून घेतलं, कॉम्प्युटर बाजूला सारला, मोजणीच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि हाताने रेष काढली. कारखान्याच्या अलीकडे ती सहा अंशांनी डावीकडे वळवली. नकाशावर सहा अंश म्हणजे काहीच नाही, डोळ्याला जाणवतही नाहीत. पण साडेतीनशे मीटर पुढे जाईपर्यंत रेष छत्तीस-सदतीस मीटर बाजूला सरकते, आणि तेवढ्यावर सरांचं घर होतं. तिथून पुढे तिने रेष हळूच पुन्हा जागेवर आणली. त्या पट्ट्यात बाकी गोदामंच होती, दुसरं कुणी राहत नव्हतं. असतं तर आपण हे केलं नसतं, असं ती स्वतःला सांगायची.

रेषेला दोन मिनिटं लागली. ती तशीच का, याची कारणं उभी करायला दोन महिने. कारखान्याची जमीन तिने शाळेसाठी राखून ठेवली, कारण शाळेला नाही कोण म्हणणार? अहवालात तीन मुद्दे घातले, आकड्यांनी भरलेले, वाचणाऱ्याला चौथ्या ओळीत जांभई यावी असे. तिच्या हाताखालचा उपनियोजक जेवणाचा डबासुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवायचा, म्हणून खात्यात त्याला सगळे पट्टी म्हणत. त्याने एकदा विचारलं होतं, मॅडम, हे वळण कशाला? तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. बाक रिकामे झाले होते. गठ्ठ्यात एकच कागद उरला होता, आणि आता तो आणखी खाली सरकवायला जागा नव्हती.

"दोनशे बारा," पट्टीने हाक दिली.

सर काठी टेकून उठले. टेबलापर्यंत यायला त्यांना वेळ लागला, आणि तिने प्रत्येक पाऊल पाहिलं. न्यायाधीश जागे झाले आणि ओशाळले. तुम्ही सकाळपासून बसलाय की काय, असं त्यांनी विचारलं. त्यावर सर म्हणाले, बसायची सवय आहे, अर्धं आयुष्य साइटवर ठेकेदाराची वाट बघण्यात गेलंय. इंजिनिअर जरुरीपेक्षा जास्त हसला.

मग सर तिच्याकडे वळले. "मॅडम, मोठा नकाशा बघायला मिळेल का?"

मॅडम. हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच. तिने पट्टीला मानेने खूण केली.

पट्टीने नकाशा टेबलभर पसरला. सरांनी खिशातली स्केल काढली. स्टेशनापासून त्यांनी रस्त्याच्या कडेकडेने स्केल सरकवत नेली, ती कारखान्याच्या अलीकडे आली आणि तिथे अडली. त्यांनी बोटाने ती जागा चाचपली, जणू कागदाला तिथे सुरकुती असावी. मग स्केल उचलून त्यांनी ती स्टेशनापासून इस्पितळापर्यंत थेट ठेवली. तिची कड कारखान्याच्या रिकाम्या जमिनीवरून सरळ गेली.

हे एका नजरेत ओळखेल असा शहरात एकच माणूस होता. तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. ज्याला कळतच नाही, त्याच्यावर सूड उगवून उपयोग काय? सरांनी मान वर केली. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती, नजर काढून घ्यायची तिची मुळीच इच्छा नव्हती. त्यांना कळलं होतं. कुणी केलं आणि कशासाठी, दोन्ही. तिच्या छातीत एकदम ऊब आली. वडील गेल्यापासून इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

"बोला," ती म्हणाली. "काय हरकत आहे तुमची?"

"हरकत नाही," सर म्हणाले. "रेष बरोबर आहे. ती आहे तशी ठेवावी, असं माझ्या नावाने लिहून घ्या. तेवढ्यासाठीच आलो होतो."

पट्टीचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

इंजिनिअर मात्र नकाशावर वाकला होता. स्केल अजून तिथेच आडवी पडली होती. "एक मिनिट, सर. ही स्केल ठेवल्यावर मला आत्ता दिसतंय. कारखान्यातून सरळ नेला, तर रस्त्याला वळणच राहत नाही. शाळेला अर्धी जमीनसुद्धा पुरे. तुमचं घरही वाचतंय. मॅडम, आपण सरळ का नाही नेला?"

तीन मुद्दे होते. पान त्रेचाळीस. तिने ते इतक्यांदा म्हटले होते की झोपेतही सांगता आले असते, पण आत्ता त्यातला एकही जिभेवर येईना. सर तिच्याकडे बघत नव्हते. ते इंजिनिअरकडे बघत होते, चूक करणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघावं तसे.

"तिथे भराव आहे," ते म्हणाले. "कारखान्याच्या आधी तिथे तळं होतं. चांगलं मोठं. राडारोडा टाकून बुजवलं, वरून काही कळत नाही. त्यावर रस्ता कराल तर दोन वर्षांत खचेल आणि लोक तुम्हालाच शिव्या घालतील. मॅडमनी ते बरोबर ओळखून रेष बाजूला घेतली. माझं घर मधे आलं, त्याला त्या काय करणार?"

इंजिनिअर सरळ झाला. तुम्हीच म्हणताय म्हटल्यावर प्रश्नच मिटला, असं तो म्हणाला आणि वाटेत येणारी आपली शंका त्याने स्वतःच हाताने झटकली.

तळं नव्हतं. हे सरांना माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. त्या जमिनीवर ती दोघं उभी राहिली होती. कारखान्याला कॅन्टीन बांधायचं होतं, तेव्हा पायासाठी सात खड्डे खणून घेतले होते. कडक उन्हात सर एकेका खड्ड्यात वाकून सांगत होते आणि ती वहीत लिहून घेत होती. साती खड्ड्यांत चार फुटांवर पक्का मुरूम. तळं सोडाच, तिथे कधी डबकंही साचलं नसेल.

न्यायाधीशांना घराचं वाईट वाटत होतं. घरात आणखी कोण असतं, त्यांनी विचारलं.

"बायको," सर म्हणाले. "आठ वर्षांपूर्वी तिची नजर गेली. पण घर तिला पाठ आहे. कुठून कुठे किती पावलं, पायरी कुठे, कडी कुठे. स्वयंपाक करते, मला चहा देते. नवीन घर पाठ करायला तिला वेळ लागेल. तेव्हा नोटीस जरा आधी द्या, एवढीच विनंती आहे."

कुठेही आवाज हलू न देता ते बोलले. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि उगाच पुसायला घेतला. सरांच्या बायकोला ऑफिसात सगळे काकू म्हणायचे. कधी यायच्या तेव्हा आधी सगळ्या टेबलांजवळून जायच्या, सरांच्या केबिनमध्ये शेवटी. काकूंचे डोळे गेले, हे तिला माहीत नव्हतं. मोजणीच्या नकाशात तसलं काही दाखवत नाहीत.

तिला क्षणभर स्वतःची लाज वाटली. मग ती लाज मागे सरली आणि तिच्या जागी राग आला, इतका की तिला टेबलाची कड धरावी लागली. हा माणूस फेडत होता. चूक कबूल न करता, माफी न मागता, तिला न विचारता. तिच्या बाजूने खोटं बोलून, आंधळ्या बायकोसकट घराबाहेर पडून, तो आज संध्याकाळी मोकळा होणार होता. आणि ती? तिने इथून उठायचं आणि आयुष्यभर मनात ठेवायचं, की शेवटी सरच मोठे निघाले. बक्षीस त्यांनी नेलं होतं. आता तिचा सूडही ते स्वतःच्या नावावर करून घेऊन चालले होते. समोर पुन्हा तेच उभे, आणि ती पुन्हा दोन-तीन शब्दांत बसवलेली: मॅडमनी बरोबर ओळखून.

नाही. एवढं तरी नेऊ देणार नाही.

"तिथे तळं नव्हतं," ती म्हणाली.

इंजिनिअरने वळून पाहिलं. सर पटकन म्हणाले, "होतं. मॅडम तेव्हा लहान असतील."

"मी तिथे उभी होते. सात खड्डे घेतले होते. चार फुटांवर मुरूम. वही माझ्या अक्षरातली आहे आणि अजून माझ्याकडे आहे." तिने पट्टीकडे पाहिलं. "लिहा. जमीन पक्की आहे. रस्ता सरळ जाऊ शकतो. वळणाला तांत्रिक कारण नाही."

"मग कसलं कारण आहे?" न्यायाधीशांनी विचारलं. आता ते पूर्ण जागे होते.

"हे घर पाडायचं होतं. रेष मी काढली, मुद्दाम वळवली. खात्यातल्या दुसऱ्या कुणाचा संबंध नाही."

पट्टीने मान आणखी खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. न्यायाधीश थोडं थांबले, मग एखाद्या घरच्या माणसाला समजवावं तसे म्हणाले, "बाई, हे नोंदीत जाईल. चौकशी होईल तुमची. निवृत्तीला वर्षसुद्धा राहिलं नाही. जरा विचार करून बोला."

"नोंदीत जावं म्हणूनच बोलतेय."

काठी खाली पडली. सरांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं.

"अगं," ते म्हणाले. आत्तापर्यंतचं मॅडम कुठल्या कुठे गेलं. "अगं, नको. राहू दे ना. काय चाललंय तुझं?"

तिने पेनाचं टोपण काढलं.

"हे घर घे. मला द्यायचंय ते. एवढं एक तरी करू दे गं मला. ती चौकशी, ते सगळं... दुसरं काय करावं मला सुचलंच नाही इतकी वर्षं." त्यांनी टेबल सोडलं आणि हात जोडले. आवाज फाटला होता. "हात जोडतो तुला. तळं होतं म्हण."

इंजिनिअर जमिनीकडे बघत होता. न्यायाधीश खिडकीकडे. तिने मात्र नीट पाहिलं. जोडलेले हात, त्यांवरचे डाग, हलणारी हनुवटी. हीच ती विनवणी. चार माणसांत, उभ्याने, हात जोडून. फक्त घर वाचवा असं म्हणायच्या ऐवजी तो माणूस घर वाचवू नका म्हणत होता, आणि त्याने काहीच बिघडत नव्हतं. उलट रेष वळवताना इतकं पुरेपूर मिळेल, असं तिने स्वप्नातही योजलं नव्हतं.

"अर्जदाराची विनंती," ती पट्टीला म्हणाली. आवाज सकाळपासूनचाच होता. "रेष आहे तशी ठेवावी. लिहिलंत?"

"हो, मॅडम."

"नामंजूर."

पट्टीने लिहिलं. मग त्याने उठून काठी उचलली आणि सरांच्या पुढे धरली. ती घ्यायला त्यांना हात सोडवावे लागले असते. ते तसेच उभे राहिले, हात जोडून, आणि तिने कागद पुढे ओढून खाली सही केली.